अण्णांचा गुमास्ता

आमच्या ऑफिसात अण्णांना 'हे असं का केलंय' असं कुणी विचारत नसे, कारण अण्णा उत्तर देत. उत्तर द्यायला ते आधी खुर्ची वळवत, चष्मा कपाळावर चढवत, "स्वल्प थांब," म्हणत आणि मग तुमच्या चहावर साय धरेपर्यंत बोलत. साय धरली की म्हणत, "आता मुद्द्याला येतो." बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या त्या काचेच्या इमारतीत मी नवी नवी लागले तेव्हा मला हे सांगून ठेवण्याची माणुसकी कुणी दाखवली नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

प्रश्न अगदी साधा होता. आमची कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर करायची. शाळेच्या ऑफिसात प्रत्येक मुलाची नोंद असे: आईबापांचे फोन, बसचा थांबा, आणि शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं नि फोटो. हीच माहिती रोज पहाटे शाळेच्या गेटवरच्या टॅबवर जायची. वॉचमन टॅबवरचा फोटो बघायचा, समोरचा चेहरा बघायचा आणि मूल सोडायचा. आता, ऑफिसातली नोंद म्हणजे एक डबा समजा, त्यात नावं चिकटवलेले कप्पे. गेटवरची नोंद म्हणजे दुसरा डबा. एकातला माल दुसऱ्यात घालायचा, एवढंच काम. चार लोक ते सरळ हातानं लिहितात. फोनच्या कप्प्यातलं फोनच्या कप्प्यात, थांब्याच्या कप्प्यातलं थांब्याच्या कप्प्यात, एकेक ओळ. अण्णांना त्याची शिसारी होती. त्यांनी फार वर्षांपूर्वी एक तुकडा लिहून ठेवला होता, जो प्रोग्राम चालू असतानाच दोन्ही डब्यांची झाकणं उघडायचा, कप्प्यांवरची नावं वाचायचा आणि नाव जुळलं की इकडचं तिकडे घालायचा. जुळलं नाही की सोडून द्यायचा. आमच्या धंद्यात याला रिफ्लेक्शन म्हणतात. अण्णा त्याला गुमास्ता म्हणत.

मी विचारलं ते एवढंच, की उद्या कुणी एखाद्या कप्प्याचं नाव बदललं, तर हा गुमास्ता ओरडत नाही, थांबत नाही, गुपचूप तो कप्पा सोडून पुढे जातो; मग आपल्याला कळणार कसं? अण्णांनी खुर्ची वळवली. दुपारचे जेवायला गेलेले लोक परत आले, तेव्हा ते पूर्वीच्या काळचे गुमास्ते नोंदी कशा उतरवून घेत इथपर्यंत आले होते. शेवटी म्हणाले, "नाव बदलायचंच कशाला, अक्का? कप्प्याला आईबापानं ठेवलेलं नाव असतं." मुद्द्यावर ते आलेच नाहीत.

ते मला अक्का म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण ऑफिसातल्या सगळ्या बायका त्यांच्या अक्का, सगळे पुरुष अण्णा, आणि त्यांना स्वतःलाही सगळे अण्णाच म्हणत, त्यामुळे कोण कुणाला हाक मारतंय ते कळायला वर मान करून बघावं लागे. घराणं बेंगळुरूतलं जुनं. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि राहिले. अण्णा मात्र हे असं सांगत, की मागच्या शनिवारी सामान उतरवलं असावं. "आम्ही आलो तेव्हा इथं नुसतं तळं होतं," असं ते आउटर रिंग रोडकडे बोट दाखवून म्हणाले, तेव्हा मी खरंच त्यांना कुठलं साल विचारलं होतं. त्यांचं मराठी मला सुरुवातीला अर्धं कळे. उरलेल्या अर्ध्याला मी मान डोलवत असे, आणि त्या डोलवण्यापायी माझ्या गळ्यात नको ती कामं पडली.

नवीन माणूस आला की अण्णा त्याच्यावरही गुमास्ता चालवत. मी साताऱ्याकडची म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि कप्पे उघडायला लागले. "आमटीत गूळ?" हो. "जुळतं. शेंगाचटणी?" हो. "जुळतं. सणाला पुरणपोळी की होळिगे?" पुरणपोळी. "तेच ते, जुळतं. चित्रान्न?" माहीत नाही. "सोड." असं करत करत त्यांनी आमची सोयरीकच लावत आणली होती. आमचा मॅनेजर उत्तरेकडचा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल. त्याच्याबद्दल अण्णांचा निकाल होता, "त्याचं नि आपलं चहा जुळतं. बाकी सुम्मने."

सुम्मने म्हणजे उगाच. अण्णांच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी सुम्मने होत्या. मीटिंगा सुम्मने, लिफ्ट सुम्मने, माझे मेल सुम्मने. सुम्मने नव्हता तो फक्त गुमास्ता.

आणि डबे. एकदा मी त्यांना घरचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो साखर भरून. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत आमच्याकडेही आहे, माझी आई चिमूटभर साखर घालते. अण्णा गच्च भरून घालत, झाकण मात्र नीट लावत नसत. ती साखर माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत सांडली आणि मुंग्या झाल्या. मी तक्रार केली, तर म्हणाले, "मुंग्या परवागिल्ला, चालतील. रिकामं नको." हा त्यांच्या स्वभावाचाच भाग होता. रिकामी खुर्ची दिसली की ते तिच्यावर आपली पिशवी ठेवत. फॉर्मवरचा एकही रकाना ते कोरा सोडत नसत. जिथं 'अन्य माहिती' लिहिलं असेल तिथं ते खरोखर अन्य माहिती लिहीत, आणि एच.आर.ची मुलगी ती वाचून डोकं धरून बसे.

गुमास्त्याचाही नियम तोच होता: रिकामं भरलेल्यावर घालायचं नाही. इकडच्या डब्यातला कप्पा रिकामा असेल तर तिकडचं आहे ते तसंच राहू द्यायचं. हा नियम मात्र साखरेसारखा हौसेचा नव्हता, हे मला कबूल करावं लागेल. माझ्या आधीच्या काळात एका शाळेनं अर्धवट भरलेली माहिती चढवली होती, फोनचे रकाने कोरेच. त्या वेळच्या गुमास्त्यानं इमानेइतबारे तो कोरेपणा सगळीकडे उतरवला आणि गेटवरचे, बसवाल्यांकडचे सगळे फोन नंबर पुसले गेले. आणि नेमका त्या दिवशी शहरात बंद. शाळा दुपारीच सोडली, बसेस मधेच अडकल्या, आणि आईबापांना कळवायचं तर नंबर कुणाकडेच नाहीत. लहान लहान मुलं संध्याकाळपर्यंत बसमधे बसून होती. अण्णांनी जुन्या कागदांवरून नंबर शोधून एकेका घरी स्वतः फोन केला. काही आया फोनवर रडल्या, काहींनी शिव्या दिल्या, अण्णांनी दोन्ही ऐकून घेतलं. तेव्हापासून हा नियम. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली, की पुढे पुढे त्या बसमधे मीच बसले होते असं मला वाटायला लागलं.

मग त्या बाईचा फोन आला.

तक्रारींचे फोन खरं तर दुसरी माणसं घेत, पण ही तक्रार कुणालाच सुटेना म्हणून माझ्याकडे आली. मी इंग्रजीत माझं नाव सांगितलं तसा पलीकडचा आवाज बदलला. "तुम्ही मराठी काय ओ मॅडम? मी बेळगावची. बरं झालं बघा." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी पहिलीत, शाळा जे. पी. नगरमधे. नवऱ्यापासून वेगळं होऊन वर्ष झालं, मुलगी कोर्टानं आईकडे दिलेली. मागच्या उन्हाळ्यात तो न सांगता मुलीला शाळेतून घेऊन गेला होता, आणि परत मिळवायला पोलीस लागले होते. म्हणून त्यांनी शाळेत अर्ज करून न्यायला येणाऱ्यांतून त्याचं नाव काढून टाकलं. ऑफिसातल्या नोंदीत ते गेलंही. पण गेटवरच्या टॅबवर बापाचा फोटो अजून होता, खाली हिरवी खूण. शाळेनं वॉचमनला तोंडी सांगितलं होतं, पण वॉचमन एजन्सीचे, आठवड्याला नवा चेहरा. नवा वॉचमन टॅबच बघणार.

मला एका क्षणात कळलं. ऑफिसातला कप्पा रिकामा, गेटवरचा भरलेला. गुमास्ता रोज पहाटे येत होता, रिकामा कप्पा बघत होता आणि शहाण्यासारखा सोडून जात होता.

"ताई, त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव नि फोटो घाला, म्हणजे त्याचं पुसलं जाईल," मी म्हटलं. वरवरची मलमपट्टी होती, पण चालली असती.

"कुणाचं घालू? मला कोण नाही इथं. माझं मी एकटीच आहे की ओ."

शाळेच्या क्लार्कनं आधीच नावाच्या जागी 'कोणी नाही' असं लिहून पाहिलं होतं. त्यामुळे गेटवर बापाचा फोटो, हिरवी खूण आणि खाली नाव 'कोणी नाही' असं दिसायला लागलं होतं. फोटोऐवजी पांढरा कागद चढवून पाहिला, तर यात चेहरा नाही म्हणून सॉफ्टवेअरनं तो परत केला. आईचाच फोटो पुन्हा घालून पाहिला, तर हा आधीच आहे म्हणून तोही परत आला. गेटवरच्या नोंदीत थेट हात घालून खोडायची सोय नव्हती. का नव्हती? तर अण्णांनी ती ठेवू दिली नव्हती. हातानं खोडलेलं कुणाला कळत नाही म्हणून.

"काय तर करा मॅडम," त्या म्हणाल्या. "मी पाचला सुटते. शाळा तीनला सुटते. मी येईतो पोर गेटपाशीच बसते. ते दोन तास माझा जीव खालीवर होतो."

मी तशीच अण्णांकडे गेले. खुर्ची वळण्याआधीच सगळं सांगून टाकलं.

"अण्णा, रिकामं दोन तऱ्हेचं असतं. एक माहिती नाही म्हणून रिकामं, एक मुद्दाम रिकामं केलेलं. गुमास्त्याला फरक कळत नाही."

"रिकामं ते रिकामं. डब्याला काय ठाऊक कशानं रिकामं झालं म्हणून?"

"म्हणूनच खूण करायची. कुणी मुद्दाम खोडलं की त्या कप्प्यावर खूण. खूण दिसली की गुमास्त्यानं तिकडचंही खोडायचं. दहा ओळींचं काम आहे. आत्ता लिहून देते."

"आणि खूण चुकून पडली तर? सगळ्या शाळांचे फोन परत जाणार. बंदच्या दिवशी काय झालं ठाऊक आहे ना?"

"अण्णा, मी नव्हते त्या दिवशी!"

"म्हणूनच बोलायला जमतं तुला."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, एका माणसाच्या हातात पोर जाईल आणि तुम्ही तुमच्या गुमास्त्याची अब्रू सांभाळत बसा. सगळा मजला ऐकत होता. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खुर्ची पुन्हा वळवली, आणि स्क्रीनकडे बघून म्हणाले, "सगळ्या शाळांवर चालवून बघितल्याशिवाय सोडत नाही. दोन-तीन दिवस लागणार." गुमास्त्यात कुठलाही बदल करायला अण्णांचा होकार लागे, हा कंपनीचा नियम. मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "अण्णा का अप्रूवल तो चाहिए, यार," आणि हेडफोन लावून मोकळा झाला. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षावाल्याशी भांडले, घरमालकिणीशी भांडले आणि आईला फोन करून अण्णांना नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुपारी उठून गेले. त्याच्या पुढच्या दिवशी तर आलेच नाहीत, घरून काम म्हणून कळवलं. माझा संताप अनावर झाला. इथं एक बाई रोज फोन करतेय आणि हे जे. पी. नगरमधल्या आपल्या घरी बसून कॉफी पितायत! शाळा सुटायच्या सुमाराला मी फोन लावला. होकार मिळाल्याशिवाय ठेवायचाच नाही असं ठरवून.

पलीकडे हॉर्न वाजत होते, पोरांचा कालवा चालला होता.

"अण्णा, कुठं आहात?"

"शाळेच्या गेटला."

"कुठल्या शाळेच्या?"

"त्या मुलीच्या. कालही आलेलो. सरी, बरं, लवकर बोल, सुटायची वेळ झाली."

"दहा ओळी बदलायच्या सोडून तुम्ही गेटवर जाऊन उभे राहिलात?"

"बदललेलं तपासायला वेळ होणं, वेळ पाहिजे, आणि गुमास्ता चालणार पहाटेच. तोवर पोराकडं कोण बघणार? घर जवळ आहे माझं."

या माणसाचं काय करावं? मी म्हटलं, अण्णा, तुम्ही त्या माणसाला ओळखता तरी का? ते म्हणाले, टॅबवर फोटो आहे की त्याचा, बघून ठेवलाय. मी म्हटलं, तो आला तर तुम्ही काय करणार, मारामारी? उत्तर आलं नाही. आधी मला वाटलं फोन कटला. मग अण्णांचाच आवाज आला, पण माझ्याशी नव्हे. फोन त्यांनी बहुधा खिशात टाकला होता. ते हिंदीत बोलत होते, आणि अण्णांचं हिंदी मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"वॉचमन, वो बच्ची को मत भेजो."

"टॅब में है ना साब," वॉचमन म्हणाला. "ये देखो, फोटो है. हरा है."

मग तिसरा आवाज. शांत, सभ्य, शिकलेला. "मैं इसका पापा हूँ. आप कौन हैं?"

मी ऑफिसात उभी राहिले होते. आता अण्णा गुमास्त्याची कुळकथा सांगायला लागणार आणि तेवढ्यात तो माणूस पोरीला उचलून गाडीत घालणार, असंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

अण्णांनी त्याला उत्तरच दिलं नाही. वॉचमनलाच म्हणाले, आणि सगळ्या कालव्यात ते मला स्वच्छ ऐकू आलं, "वो टॅब झूठ बोलता है. वो मैं बनाया. मेरा मिस्टेक है उसमें. मेरा."

वॉचमन काहीतरी पुटपुटला. अण्णा पुन्हा म्हणाले, आता मोठ्यानं, "मैं बनाया, मेरेको मालूम. गेट बंद करो. उसका मम्मी आने तक मैं इधर ही है."

गेट लोटल्याचा आवाज आला. तो माणूस इंग्रजीत कुणाला तरी फोन लावायच्या धमक्या देत राहिला, मग शाळेतल्या कुणा बाईंचा आवाज आला, मग दुसऱ्या वॉचमनचा, मग एका गाडीचं दार आपटलं. मी तोवर दुसऱ्या फोनवरून बेळगावच्या ताईंना लावला होता. त्या तशाच निघाल्या. मला रडू आलं, आणि रडता रडता अण्णांचा इतका राग आला की विचारू नका. एवढं कळत होतं तर परवाच होकार द्यायला काय झालं होतं?

बऱ्याच वेळानं फोन खिशातून बाहेर आला. "अक्का, आहेस का अजून?"

"आहे."

"पोर आत आहे. मास्तरणीजवळ बसवलंय. बिस्किट खातंय." मग म्हणाले, "तुझी ती खूण. टाक. सगळ्या शाळांवर चालवून झालं आज सकाळी. होकार देतो."

"सकाळी झालं? मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळी विचारलं नाहीस."

मी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. मी भांडत होते.

त्या दिवशी ताई पोचेपर्यंत अण्णा गेटवरून हलले नाहीत, हे मला नंतर ताईंकडून कळलं. ताईंनी त्यांना चहाला बोलावलं, तर म्हणाले, आज नको, ऑफिसचं काम राहिलंय. आणि खरंच गेटजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला, माझ्या दहा ओळींतल्या दोन ओळी मला न विचारता बदलल्या आणि होकार दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुमास्ता नव्या नियमानं चालला. सगळं नीट उतरलं होतं, मी ऑफिसात बसून बघितलं होतं. तरी अण्णा तीनच्या सुमाराला पुन्हा शाळेच्या गेटवर. मी फोनवर ओरडले, "अण्णा, झालंय ते, मी बघितलंय!"

"तू तिकडनं बघितलंस. मी इकडनं बघतो."

वॉचमनला त्यांनी त्या मुलीचं नाव काढायला लावलं. मला फोनवर टॅबच्या काचेवर बोट आपटल्याचे आवाज येत होते. मग अण्णा सांगायला लागले. "मुलीचा फोटो आहे. आईचा फोटो आहे. बाजूचा चौकोन..." आणि ते थांबले. हॉर्न वाजत राहिले.

"काय झालं अण्णा? बाजूला काय आहे?"

"काही नाही. रिकामं आहे." मग हळूच म्हणाले, "बरं दिसतंय."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "असं आहे बघ अक्का, रिकामं म्हणजे दोन तऱ्हेचं असतं. एक माहिती नाही म्हणून रिकामं, आणि एक..."

मला! हे मला सांगत होते! मी फोन स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला आणि त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं.